आयआयटी मुंबई : प्रवेशाची शक्यता किती आणि खर्च नेमका सुरू होतो कधी?

ओझरमध्ये विमान हा आता कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. १९६४ मध्ये मिग-२१ च्या उत्पादनासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजे एचएएलचा कारखाना इथे आला. तेव्हा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते आणि लोकसभेत ते नाशिकचेच खासदार होते. पुढे इथे सुखोई-३० बनू लागले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले आणि बरोबर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, नाशिक विभागात तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए ओझरहून आकाशात झेपावले.

अशा गावात दहावीला बरे गुण मिळालेल्या मुलाने किंवा मुलीने ‘विमानाचे इंजिनीअरिंग करायचे’ म्हटले, तर घरात आयआयटी मुंबईचे नाव निघणे स्वाभाविक आहे. पवई ओझरहून साधारण १८० किलोमीटरवर. पण तिथे पोहोचण्याबद्दल पालकांच्या हाती जे आकडे पडतात, ते बहुतेक वेळा क्लासच्या फलकावरचे किंवा मोबाइलवर फिरणारे असतात. कोणी सांगते, शंभरात एकालाच मिळते. कोणी सांगते, दहात एकाला. फीबद्दलही तेच : एकाच्या मते आयआयटी फुकट आहे, दुसऱ्याच्या मते दहा लाख लागतात. गंमत म्हणजे यातले प्रत्येक विधान कुठल्या तरी अर्थाने खरे आहे.

शंभरात एक की दहात एक?

२०२५ चेच आकडे घेऊ. त्या वर्षी जेईई मेनच्या दोन सत्रांपैकी किमान एक सत्र दिलेले विद्यार्थी होते सुमारे १४.७५ लाख. त्यातून साधारण अडीच लाख विद्यार्थी जेईई अ‍ॅडव्हान्स्डसाठी पात्र ठरतात. प्रत्यक्षात नोंदणी केली १,८७,२२३ जणांनी, दोन्ही पेपर दिले १,८०,४२२ जणांनी. उत्तीर्ण झाले ५४,३७८. आणि देशातल्या २३ आयआयटींमध्ये मिळून जागा होत्या १८,१६०.

आता भागाकार करून पाहावा. मेन देणाऱ्यांशी जागांचे प्रमाण काढले तर ८१ जणांमागे एक जागा येते, म्हणजे सव्वा टक्का. अ‍ॅडव्हान्स्ड देणाऱ्यांशी काढले तर दहा जणांमागे एक. उत्तीर्ण झालेल्यांशी काढले तर तिघांमागे एक. जागा त्याच, परीक्षाही तीच. फक्त आपण रांग कुठून मोजायला सुरुवात करतो, एवढाच फरक.

एकट्या आयआयटी मुंबईचा विचार केला तर बी.टेक. आणि तत्सम पदवी अभ्यासक्रमांच्या जागा सुमारे १,३६० आहेत. मेन देणाऱ्यांमध्ये जवळपास अकराशे जणांमागे एक, अ‍ॅडव्हान्स्ड देणाऱ्यांमध्ये साधारण १३३ जणांमागे एक. तुलनेसाठी अमेरिकेतले हार्वर्ड पाहता येईल. २०२४ मध्ये सुरू झालेल्या वर्गासाठी तिथे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश देऊ केला गेला, म्हणजे २८ जणांमागे एक. यावरून ‘आयआयटी हार्वर्डपेक्षा कितीतरी पटींनी अवघड’ असे संदेश दरवर्षी फिरतात. त्यात फारसा अर्थ नाही. हार्वर्डला अर्ज करणारा विद्यार्थी शाळेतले गुण, निबंध, शिफारसपत्रे अशी तयारी करून, स्वतःला आधीच चाळून अर्ज करतो. जेईई मेन देणाऱ्या लाखो मुलांपैकी अनेकांना आयआयटी नकोच असते. कोणाला एनआयटी हवी असते, कोणी सीईटीच्या जोडीला म्हणून देतो, कोणी क्लासने फॉर्म भरायला लावला म्हणून देतो.

म्हणून एखाद्या घरासाठी ‘शक्यता किती टक्के’ हा प्रश्न तसा निरुपयोगीच आहे. इथे चिठ्ठ्या टाकून निवड होत नाही. सराव परीक्षांत मूल आज कुठे आहे, हे त्या टक्क्यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जाते.

पर्सेंटाइलचा चकवा

सर्वाधिक गैरसमज पर्सेंटाइलभोवती आहेत. ‘९९ पर्सेंटाइल’ म्हणजे शंभरपैकी ९९ गुण नव्हेत. १४.७५ लाख मुलांत ९९ पर्सेंटाइल म्हणजे पुढे साधारण पावणेपंधरा हजार मुले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. २०२५ मध्ये खुल्या यादीतून अ‍ॅडव्हान्स्डला बसण्यासाठी किमान ९३.१० पर्सेंटाइल लागले. म्हणजे पुढे जवळपास एक लाख मुले असतानाही पुढच्या परीक्षेचे दार उघडते. ओबीसी नॉन-क्रीमी लेयरसाठी ही रेषा ७९.४३, ईडब्ल्यूएससाठी ८०.३८, अनुसूचित जातींसाठी ६१.१५ आणि अनुसूचित जमातींसाठी ४७.९० होती.

दार उघडणे आणि आत जागा मिळणे यांतले अंतर मात्र मोठे आहे. आयआयटी मुंबईच्या कॉम्प्युटर सायन्स शाखेत खुल्या प्रवर्गाची शेवटची जागा २०२५ मध्ये ६६ व्या क्रमांकाला संपली. ओझरच्या मुलांना जिचे आकर्षण वाटू शकते ती एरोस्पेस शाखा त्यामानाने बरीच खाली जाते. तरीही गेल्या काही वर्षांत खुल्या प्रवर्गात तिची शेवटची जागा अखिल भारतीय यादीत दोन ते तीन हजारांच्या दरम्यानच संपत आली आहे.

याच अंतरावर जाहिराती चालतात. ‘आमचे इतके विद्यार्थी अ‍ॅडव्हान्स्ड क्वालिफाय’ असा फलक लागतो, तेव्हा ते सगळे आयआयटीत गेले असे पालक धरून चालतात. पण ५४,३७८ उत्तीर्णांपैकी दोनतृतीयांश मुलांना जागा मिळूच शकत नव्हती. शिवाय उत्तीर्णतेची रेषा पेपर किती अवघड निघाला त्यावर हलते : खुल्या यादीसाठी २०२४ मध्ये ३६० पैकी १०९ गुण लागले, २०२५ मध्ये ७४. क्लासला विचारायचा प्रश्न ‘किती क्वालिफाय झाले’ हा नाही. या केंद्रातून, बाहेरून आणलेल्या मुलांना वगळून, किती जणांनी आयआयटीत प्रत्यक्ष प्रवेश घेतला आणि त्या वर्षी तुकडीत एकूण किती मुले होती, असे विचारायला हवे. दुसरा आकडा सहसा सांगितला जात नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती उगाच नाही.

प्रवर्ग, पाच एकर आणि १ एप्रिल

आयआयटीतल्या जागांची विभागणी केंद्राच्या नियमाने होते : ओबीसी २७ टक्के, अनुसूचित जाती १५, अनुसूचित जमाती ७.५, ईडब्ल्यूएस १० आणि उरलेल्या ४०.५ टक्के जागा सर्वांसाठी खुल्या. राज्यातल्या प्रवेशांचे नियम वेगळे आहेत आणि निफाड तालुक्यातल्या अनेक घरांचा गोंधळ इथेच होतो.

मराठा समाजाला फेब्रुवारी २०२४ च्या राज्य कायद्याने दिलेले १० टक्के एसईबीसी आरक्षण सीईटीमार्गे होणाऱ्या राज्यातल्या प्रवेशांना लागू होते, आयआयटी-एनआयटीला नाही. तिथे हा विद्यार्थी एक तर खुल्या यादीत किंवा अटी पूर्ण होत असतील तर ईडब्ल्यूएसमध्ये. या अटी द्राक्षपट्ट्यात नेमक्या अडतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे, हे बहुतेकांना माहीत असते. पण कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असेल तर उत्पन्न कितीही कमी असले तरी ईडब्ल्यूएस मिळत नाही, हे फॉर्म भरताना कळते. गारपिटीने बाग झोपली, कर्जाचे हप्ते थकले, तरी सात-बारावरचे क्षेत्र तेवढेच राहते.

दुसरी अट घराच्या जागेची. अधिसूचित नगरपालिका क्षेत्रात १०० चौरस यार्ड, म्हणजे ९०० चौरस फूट किंवा त्याहून मोठा निवासी भूखंड असेल तरी ईडब्ल्यूएस नाही. नगरपालिकेबाहेर हीच मर्यादा २०० चौरस यार्डांची आहे. ओझर अनेक दशके ग्रामपंचायत होती आणि अलीकडे नगरपरिषद झाली. त्यामुळे गावात दीड गुंठ्याचा प्लॉट असलेल्या घराने जुन्या समजुतीवर विसंबू नये.

ओबीसींसाठी क्रीमी लेयर ठरवताना शेतीचे उत्पन्न इतर उत्पन्नात मिळवत नाहीत, ओलिताखालच्या जमिनीच्या मर्यादेची कसोटी मात्र वेगळी असते. जात केंद्राच्या यादीत आहे ना, हेही पाहावे लागते. राज्याच्या यादीत आहे एवढे पुरत नाही. आणि शेवटी तारीख. अ‍ॅडव्हान्स्डसाठी ओबीसी-एनसीएल व ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेले आणि केंद्राच्या नमुन्यातले लागते. आदल्या जुलैत अकरावी-बारावीसाठी काढलेले प्रमाणपत्र चालत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सेतू केंद्रात खेटे घालण्याची तयारी आधीच ठेवलेली बरी.

पवईतला खर्च : दोन हजारांच्या फरकाचे सव्वा लाख

आता पैशांकडे. २०१६ पर्यंत आयआयटीतल्या पदवीची शिकवणी फी वर्षाला ९० हजार रुपये होती. त्या वर्षी ती दोन लाख झाली, म्हणजे सहामाहीला एक लाख. चार वर्षांचे आठ लाख. त्यावर वसतिगृह, मेस, इतर शुल्क, पुस्तके, लॅपटॉप धरले तर सवलत नसलेल्या घराला चार वर्षांत दहा ते बारा लाखांची तयारी ठेवावी लागते.

फी वाढवताना सवलतीही ठरल्या. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना शिकवणी फी पूर्ण माफ. ज्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत, त्यांनाही पूर्ण माफ. एक ते पाच लाख उत्पन्न असेल तर दोनतृतीयांश माफ, म्हणजे दोन लाखांऐवजी वर्षाला सुमारे ६६,६६७ रुपये. ही सवलत प्रवर्गावर नाही, उत्पन्नावर आहे. पाच एकरांमुळे ईडब्ल्यूएस हुकलेल्या द्राक्ष उत्पादकाच्या मुलालाही उत्पन्न कमी असेल तर ती मिळू शकते. हे दोन नियम एकच समजून अनेक जण सवलतीचा अर्जच करत नाहीत.

या रचनेतला दोष मात्र ठळक आहे. उत्पन्न ४,९९,००० असेल तर चार वर्षांची शिकवणी फी होते साधारण २.६७ लाख. उत्पन्न ५,०१,००० असेल तर आठ लाख. कागदावरच्या दोन हजारांच्या फरकाने वर्षाला १,३३,३३३ रुपयांचा भार वाढतो. मधल्या पायऱ्याच नाहीत. पाच लाखांची ही रेषा २०१६ ची आहे. त्यानंतर पगार आणि महागाई दोन्ही वाढले आहेत. ओझरच्या एचएएल वसाहतीतला कायम नोकरीतला कामगार आज या रेषेच्या बराच वर असतो. त्याच कारखान्यातला कंत्राटी कामगार बहुधा खाली. अडचणीत सापडतो तो मधला : छोटा दुकानदार, खासगी कंपनीतला पर्यवेक्षक, दोघांचे पगार मिळून सहा-सात लाख मिळवणारे शिक्षक दांपत्य.

त्यांच्यासाठी कर्ज हा मार्ग आता पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण चालू असताना व त्यानंतरच्या सवलतीच्या काळात, व्याजात तीन टक्के सूट आहे. आयआयटी मुंबईचे प्रवेशपत्र हातात असलेल्या मुलाला बँक सहसा परत पाठवत नाही.

थोडक्यात, पवईच्या दारात पोहोचलेल्या मुलासाठी व्यवस्था आहे. माफी आहे, शिष्यवृत्ती आहे, कर्ज आहे. प्रश्न त्या दारापर्यंतच्या वाटेचा आहे.

जो खर्च कुठल्याच तक्त्यात नसतो

अकरावी-बारावीच्या दोन वर्षांचा हिशेब उदाहरणादाखल मांडू. समजा नाशिकमधल्या क्लासची फी वर्षाला दीड लाख आहे. मोठ्या क्लासेसच्या फीचा विचार करता हा आकडा फार वरचा नाही. दोन वर्षांचे तीन लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५४ हजार. एकूण ३.५४ लाख. आयआयटीच्या पदवीच्या शिकवणी फीवर जीएसटी नाही. क्लासवर आहे.

आता हा आकडा वरच्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. चार-साडेचार लाख उत्पन्न असलेल्या ओझरच्या घराला आयआयटी मुंबईतल्या चार वर्षांच्या शिकवणीसाठी २.६७ लाख भरायचे आहेत आणि तिथे पोहोचण्याच्या दोन वर्षांसाठी ३.५४ लाख. अनुसूचित जाती-जमातींतल्या घरासाठी पवईतली शिकवणी फी शून्य आणि क्लासचे तेच ३.५४ लाख. उत्पन्नाचा दाखला क्लासच्या काउंटरवर कोणी मागत नाही. तिथली ‘स्कॉलरशिप’ मिळते ती चाचणी परीक्षेत आधीच चांगले गुण आणणाऱ्याला, म्हणजे बहुतेकदा ज्याने आठवी-नववीपासून फाउंडेशन केले त्यालाच.

आणि हे पैसे परत येण्याची कसलीही हमी नाही. आयआयटीची फी फक्त प्रवेश मिळालेला विद्यार्थी भरतो. क्लासची फी सगळेच भरतात. विद्यालक्ष्मीत क्लासची फी बसत नाही, म्हणून त्यासाठी सोसायटीतून वैयक्तिक कर्ज किंवा सोने तारण हे नेहमीचे उपाय उरतात, तेही चढ्या व्याजाने. स्पर्धा परीक्षेतली सर्वात मोठी जोखीम सर्वात महाग पैशावर उचलली जाते, ती अशी.

वेळेचाही खर्च आहे. ओझर ते नाशिक साधारण २० किलोमीटर. मुंबई-आग्रा महामार्गावरून रोज जाऊन-येऊन दीड-दोन तास कुठे जात नाहीत. आठवड्याचे सहा दिवस, दोन वर्षे मिळून शंभर आठवडे धरले तर नऊशे ते बाराशे तास प्रवासात. कॉलेज रोडला राहणाऱ्या मुलाकडे तेवढे तास अभ्यासाला किंवा झोपेला जास्त असतात. हा फरक टाळायचा तर नाशिकमध्ये खोली घ्यायची, म्हणजे भाडे आणि डबा. कोटाला पाठवायचे तर राहणे-जेवणे मिळून महिन्याला दहा-पंधरा हजार सहज जातात. वर्षाचे सव्वा ते पावणेदोन लाख, फीव्यतिरिक्त.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंगसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, रँकची हमी देऊ नये, विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे त्यात आहे. हा केंद्राचा कायदा नाही, अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे. तरीही पैसे भरण्याआधी परताव्याची अट लेखी मागायला पालकांना हा आधार पुरेसा आहे. सहाच महिन्यांत मुलाला हे झेपत नाही असे लक्षात येणारी घरे थोडी नाहीत. पूर्ण फी आधीच भरलेली असते, म्हणून ती मुलाला तिथेच ठेवतात.

फुकटच्या वाटा अरुंद, पण आहेत

राज्य सरकारची महाज्योती ही संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांतल्या नॉन-क्रीमी लेयर विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि सीईटीचे ऑनलाइन प्रशिक्षण मोफत देते, सोबत टॅबलेट आणि इंटरनेट डेटाही. अर्ज दहावीनंतर करायचा असतो. शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूरचे ‘साथी’ हे मोफत पोर्टल कोणालाही खुले आहे. ऑनलाइन शिकवण्याने प्रवासाचे तास वाचतात, हा ओझरसारख्या गावासाठी मोठाच फायदा. समोर बसून शंका विचारायला शिक्षक नसतो, हा तोटाही तितकाच खरा.

सर्वात परिणामकारक वाट सहावीतच सुरू होते. जवाहर नवोदय विद्यालयात प्रवेश मिळालेल्या हुशार मुलांना पुढे दक्षणा फाउंडेशनसारख्या संस्था निवड परीक्षा घेऊन जेईईची निवासी तयारी विनामूल्य करून देतात. पुणे जिल्ह्यात त्यांचे मोठे केंद्र आहे. नाशिक जिल्ह्याचे नवोदय विद्यालय ओझरपासून फार लांब नाही, शेजारच्या दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे. पण नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागात शिकलेल्या मुलांसाठी असतात. गाव नगरपरिषद झाले की तिथल्या शाळेतले मूल शहरी गणले जाण्याचा प्रश्न येतो. पाचवीत फॉर्म भरण्याआधी शाळेत याची खात्री करून घ्यायला हवी. नळ, रस्ते आणि घरपट्टीच्या चर्चेत नगरपरिषदेचा हा परिणाम कोणी मोजत नाही.

भाषा आणि मुली

जेईई मेन २०२१ पासून मराठीतूनही देता येते. अ‍ॅडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. ज्या परीक्षेवर आयआयटीतली जागा ठरते, तिथे मराठीची सोय नाही. ओझरमध्ये केंद्रीय विद्यालयात शिकलेला हवाई दलातल्या कर्मचाऱ्याचा मुलगा आणि मराठी माध्यमात दहावी झालेली शेतकऱ्याची मुलगी यांच्यातला फरक इथे पुन्हा उघडा पडतो. मराठीतून मेन देऊन पात्र झालेल्या मुलीला दीड महिन्याच्या आत इंग्रजी पेपरला सामोरे जावे लागते.

मुलींसाठी २०१८ पासून आयआयटीत अतिरिक्त जागा निर्माण केल्या गेल्या. २०२० पासून त्यांचा एकूण वाटा किमान २० टक्के राहील अशी व्यवस्था आहे. २०२५ मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण झालेल्या ५४,३७८ पैकी मुली होत्या ९,४०४, म्हणजे साधारण १७ टक्के. याचा व्यवहारातला अर्थ असा की तेवढ्याच तयारीच्या मुलीला मुलापेक्षा वरची शाखा किंवा वरची संस्था मिळू शकते. मग मुली कमी का? एक कारण घरातच सापडते. मुलासाठी कोटाचा विचार होतो, मुलीसाठी ‘नाशिकचेच बघू’. दुसरे कारण पैशांचे, आणि ते तर्कशुद्ध आहे : २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना सीईटीमार्गे व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. साडेतीन लाख खर्चून आयआयटीचा डाव खेळायचा की सीईटी देऊन जवळपास विनाशुल्क इंजिनीअर व्हायचे, असा सवाल असेल तर अनेक घरे दुसरे निवडतात. त्यांना महत्त्वाकांक्षा नाही असे म्हणणे सोपे आहे, पण हिशेब त्यांचा बरोबर असतो.

एकाच तयारीत किती दारे?

आयआयटीच्या तयारीकडे ‘मिळाली तर आयआयटी, नाही तर काहीच नाही’ असे पाहण्याची गरज नाही. मेनच्या गुणांवर एनआयटी मिळते. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत आणि शिकवणी फी वर्षाला सव्वा लाख, उत्पन्नानुसार माफीसह. पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय सीईटीतून मिळतात. मात्र सीईटी ही वेगळ्या जातकुळीची परीक्षा आहे. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, प्रश्न सोपे पण वेळ कमी, आणि साधारण ८० टक्के भर बारावीच्या अभ्यासक्रमावर. फक्त अ‍ॅडव्हान्स्डच्या तयारीत बुडालेली मुले सीईटीत वेगाअभावी मागे पडतात, हे शिक्षक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

‘ड्रॉप’ घ्यायचा का, हा दुसरा नेहमीचा पेच. अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांतच आणि दोनदाच देता येते. बारावीचे वर्ष आणि त्यानंतरचे एक. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ही मर्यादा तीन करण्याची घोषणा झाली आणि पंधरवड्याच्या आत ती मागे घेतली गेली. त्या काळात घोषणेवर विसंबून कॉलेज सोडलेल्या विद्यार्थ्यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांना दिलासा मिळाला. बारावीत ७५ टक्के गुण किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणे हीही अट आहे. ‘इंटिग्रेटेड’च्या नादात बारावीच्या परीक्षेकडे दुर्लक्ष केलेल्यांना ती शेवटच्या क्षणी अडवते. पहिल्या प्रयत्नात मेनमध्ये ९० पर्सेंटाइलच्या आसपास असलेल्या मुलासाठी आणखी एक वर्ष आणि दीड-दोन लाख घालणे, आणि ९९ च्या पुढे असलेल्याने तेच करणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. सीईटीतून कॉलेजला प्रवेश घेऊन घरूनच दुसरा प्रयत्न करणारेही आहेत. त्यात वर्ष वाया जात नाही, पण दोन्हीकडे ओढाताण होते.

राहिला विमानांचा प्रश्न. एरोस्पेस हा विषय आयआयटी मुंबई, मद्रास, कानपूर, खरगपूर अशा मोजक्याच ठिकाणी शिकवला जातो. पण विमान कारखान्यात फक्त एरोस्पेसचे पदवीधर नसतात. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, धातुशास्त्र या शाखांचे अभियंते तिथे असतात, आणि जुळणीच्या प्रत्यक्ष कामावर आयटीआय व डिप्लोमा झालेल्यांचा मोठा वाटा असतो. एचएएलच्या नाशिक विभागात आयटीआय, डिप्लोमा आणि पदवीधर अशा तिन्ही स्तरांवर शिकाऊ उमेदवार घेतले जातात. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा करून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही आहे. आरेखन आणि संशोधनात जायचे असेल, तर पदवीनंतर गेट देऊन आयआयटीत एम.टेक.ला जाता येते. त्या टप्प्यावर निवडीची स्पर्धा बारावीइतकी जीवघेणी नसते, गेटमधून आलेल्या एम.टेक. विद्यार्थ्यांना विद्यावेतनही मिळते आणि तोवर मूल पंधरा नाही, बावीस वर्षांचे झालेले असते.

क्लासची नोंदणी मात्र दहावीचा निकाल लागण्याआधीच सुरू होते. ‘अमुक तारखेपर्यंत भरल्यास इतकी सूट’ असा निरोप ओझरच्या घरांत मार्च-एप्रिलमध्येच पोहोचतो, तेव्हा मुलाला गणित-विज्ञानात किती गुण मिळाले आहेत हेही कोणाला माहीत नसते.